मांजराच्या वासाची स्ट्रॉबेरी

डॉक्टर वेंडेल हाउगस्टाड मेलेल्या पोसमशेजारी बसून अंड्याचं सँडविच खात होते, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आमच्या फळसंशोधन केंद्राचं काही खरं नाही.

पोसम म्हणजे घुशीपेक्षा मोठा आणि मांजरापेक्षा कुरूप. हा तीन दिवसांपूर्वी अवजारांच्या शेडमागे मेला होता. जून महिना, ऊन चांगलंच तापलेलं. शेडमागे माशांशिवाय कोणी फिरकत नव्हतं. मी नाकातोंडाला रुमाल बांधून, फावडं घेऊन त्याला पुरायला गेले, तर पालथ्या क्रेटवर आमचे साहेब. पोसम दोन हातांवर. साहेब शांतपणे घास चावतायत आणि मांडीवरच्या वहीत आकडे लिहितायत.

"डॉक्टर," मी रुमालातून म्हटलं, "इथे बसलात?"

"सावली छान आहे," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्या रुमालाकडे पाहिलं, फावड्याकडे पाहिलं, मान वळवून पोसमकडे पाहिलं आणि सँडविच खाली ठेवलं. "किती दिवस झाले याला?"

"तीन."

वेंडेल ऑरेगनमधल्या सिल्व्हर्टन गावच्या नॉर्वेजियन घरातले. त्यांच्यात माणसं वर्षातून एकदा, नाताळात, ताटातल्या लिबलिबीत मासळीकडे बघून हसतात आणि तेवढं हसू पुढच्या नाताळापर्यंत पुरवतात. त्यामुळे ते चेष्टा करत नाहीयेत हे मला माहीत होतं.

"फेब्रुवारीपासून," ते म्हणाले. "बर्फावर पडलो होतो ना मी."

पडले होते खरे. गाडी लावायच्या जागेत पाय घसरून उताणे, डोक्याला मागे चार टाके. तिसऱ्या दिवशी कामावर हजर. टाके निघाले, केस आले, आम्ही विसरून गेलो. पण त्या आपटण्यात त्यांचं नाक आतल्या आत बंद पडलं होतं. गोड, आंबट, खारट, कडू एवढं जिभेला कळायचं. बाकी जगातला सगळा वास गेला होता. कॉफी म्हणजे कडू गरम पाणी. बायकोनं केलेला मांसाचा रोस्ट म्हणजे ओलं लाकूड. तरी चार महिने ते मार्लिसबाईंना रोज 'आज फार छान झालंय' म्हणत होते.

आता यात रडण्यासारखं काय, असं कुणी विचारेल. सुताराचं नाक गेलं तर टेबल तसंच होतं. पण वेंडेल स्ट्रॉबेरीच्या नव्या जाती तयार करायचे. आणि त्यांचं सगळं नाव होतं चवीवर. बाकी सगळे ट्रकमध्ये टिकेल असं फळ बनवत होते, तेव्हा हा माणूस सव्वीस वर्षं वुडबर्नच्या बाहेरच्या आमच्या केंद्रात बसून, खाण्यासारखं फळ बनवायच्या मागे लागला होता. चवीतलं नव्वद टक्के काम नाक करतं. जीभ नुसती हजेरी लावते.

मी इमेल्दा मोंतेहानो, तिथली शेतातली तंत्रज्ञ. तंत्रज्ञ म्हणजे जे काम साहेबांनी केलं असं छापून येतं, ते करणारी. आमचं काम असं: हिवाळ्यात काचघरात एका झाडाच्या फुलातले पुंकेसर चिमट्यानं काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग ब्रशनं लावायचे. त्याच्या बियांची हजारो रोपं करायची. जून आला की ओळींतून चालत रोज तीन-चारशे फळं चाखायची. टोक चावायचं, घोळवायचं, थुंकायचं, एक ते नऊ गुण आणि दोन शब्द बोलायचे. साहेब बोलत, मी लिही. शंभरातली नव्व्याण्णव झाडं उपटून टाकायची. त्यात त्या वर्षी वॉशिंग्टनहून पौष्टिक फळांची टूम आली होती, म्हणून प्रत्येक चांगल्या झाडाची फळं प्रयोगशाळेत जायची, क जीवनसत्त्व किती ते मोजायला.

त्याच आठवड्यात वेंडेलनी एकसष्ट नंबरच्या झाडाला आठ गुण दिले होते. 'सुवासिक, फुलासारखं,' असं मला लिहायला सांगितलं. मी एक चाखलं आणि जागच्या जागी थुंकले. अत्तराच्या दुकानात मांजरानं शेपटी वर करून धार मारल्यासारखा वास. मला वाटलं, शास्त्रज्ञांना काहीतरी खोल कळत असेल. आता कळलं की ते गोडी मोजायच्या यंत्रावरचा आकडा बघून विशेषणं जोडत होते.

पोसम पुरून झाल्यावर मी त्यांना म्हटलं, वर कळवून टाका. ते म्हणाले, कळवलं की कार्यक्रम बंद. पिकवणाऱ्यांच्या मंडळाला चवीचं काम आधीच चैन वाटत होतं. मंडळाचा अध्यक्ष मर्ल कोइनिग स्ट्रॉबेरी अंगठ्यानं दाबून बघे, मग फरशीवर आपटून बघे. तोंडात घालताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं.

"तू चाख," वेंडेल म्हणाले. "मी तुझंच लिहीन."

मी नाही म्हटलं. मला वाईट आणि चांगलं कळतं. चांगलं आणि फार चांगलं यातला फरक कळत नाही, आणि आमचा सगळा धंदा त्याच फरकाचा. मी आठ वर्षांची असल्यापासून आईबापांबरोबर याच खोऱ्यात स्ट्रॉबेरी तोडली आहे. स्ट्रॉबेरीशी माझं लग्न घरच्यांनी ठरवून झालेलं. संसार नीट केला, प्रेमाचं विचारू नका.

पण फरक कळणारं माणूस मला ठाऊक होतं. ती आमची चोर होती.

केंद्राच्या कुंपणाला लागून फेतीन्या बसार्गिनाचं शेत. वुडबर्नच्या जुन्या श्रद्धेच्या, म्हणजे चर्चचे जुने रिवाज सोडायला नकार देणाऱ्या रशियन लोकांपैकी. जन्म मांचुरियातला, लग्न ब्राझीलमध्ये, दहा मुलं ऑरेगनमध्ये. घोट्यापर्यंत झगा, डोक्याला रुमाल, कमरेला हातानं विणलेला रंगीत पट्टा. दर जूनमध्ये आमच्या काही ठरावीक झाडांवरची पिकली फळं गायब व्हायची. वेंडेल रात्री शेतात घुसणाऱ्या रकून प्राण्यांना दोष देत आणि पिंजरे लावत. मला एकदा तारेत लाल-हिरव्या लोकरीचा धागा सापडला होता. रकून पट्टे विणत नाहीत. मी काही बोलले नाही. पण गंमत म्हणून जुन्या वह्या काढून जुळवून पाहिलं होतं. चोरी व्हायची ती नेमकी त्याच झाडांची, ज्यांना वेंडेलनी आठ किंवा नऊ गुण दिलेले असायचे. हजारो झाडांतून बाई बरोबर तेवढीच निवडायची, तेही पहाटे घाईत.

वेंडेलना हे सांगितलं, तेव्हा ते आधी रागावले, मग वही मागितली, मग आकडे स्वतः जुळवून पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं कुंपणाशी गेलो.

फेतीन्याबाई कांदे खुरपत होत्या. मी सांगितलं की आम्ही भांडायला आलो नाही. बाई माझ्याशी पोर्तुगीजमध्ये बोलायच्या, मी स्पॅनिशमध्ये उत्तर द्यायचे. दोघींनाही निम्मं कळायचं, आणि साहेबांना काहीच नाही, हा मोठा फायदा. चोरीचा विषय निघाल्यावर त्या म्हणाल्या की देवाची पाखरं खातात ते चालतं, मग म्हातारी देवाची नाही का. पोसमची गोष्ट सांगितल्यावर मात्र हातातलं खुरपं थांबलं. त्यांनी वेंडेलकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"म्हणजे हा आंधळा चित्रं काढतोय," त्या म्हणाल्या.

अटी त्यांनी उभ्या उभ्या घातल्या. रविवारी आणि सणाला यायच्या नाहीत. परक्याच्या भांड्यात खात नाहीत, तेव्हा वाडगा आणि चमचा त्यांचा, फळं धुणार त्या. टाकाऊ फळं सगळी त्यांची, घरची ब्रागा करायला. ब्रागा म्हणजे फळं आंबवून केलेली त्यांची दारू, गोड लागते आणि गुडघ्यांवर बसते. शेवटची अट, चाखताना साहेबांनी बोलायचं नाही.

त्या जूनमध्ये मी दोन हातांनी लिहिलं असतं तरी कमी पडलं असतं. पुढे वेंडेल, त्यांच्यामागे वाडगा घेतलेल्या फेतीन्याबाई, मागे मी. बाई एक ते नऊ गुण देत नसत. "पाणी." "पाणी, पण गरम देशातलं." "साबण." "हे दिसायला झकास, माझ्या धाकट्या जावयासारखं. आत काही नाही." मी त्याचे गुण करून लिही. जावयाला मी तीन दिले. नंतर जावई भेटला तेव्हा दोन पुरे होते असं वाटलं.

एकसष्ट नंबरशी त्या आल्या. फळ तोंडात टाकलं. त्या कधी थुंकतात याची मी वाट बघत होते. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, दुसरं घेतलं, मग तिसरं.

"मांजर," त्या म्हणाल्या. "पण मांजराच्या मागं कोणीतरी उभं आहे."

कोण ते त्यांना सांगता येईना. त्यांनी ती फळं वेगळी मागून घेतली. प्रयोगशाळेचा अहवाल आला त्यात एकसष्ट सगळ्यांच्या वर होतं. साध्या स्ट्रॉबेरीच्या दुप्पट क जीवनसत्त्व. वेंडेलनी कागद दोनदा वाचला. पौष्टिकपणात पहिला नंबर, आणि वास मुतरीचा. देवानं शास्त्रज्ञांसाठी काढलेली चेष्टा आहे, असं मी म्हटलं. ते हसले नाहीत. जुलै होता.

जुलैच्या शेवटी फेतीन्याबाई कुंपणाशी बाटली घेऊन उभ्या. संत पेत्राचा उन्हाळ्यातला उपास संपला होता, तेव्हा प्यायला हरकत नव्हती. त्यांनी एकसष्टची फळं दोनशे आठच्या फळांबरोबर आंबवली होती. दोनशे आठ म्हणजे एक लेचंपेचं झाड. फळ गोड, पीचसारखं, पण इतकं मऊ की नुसतं बघितलं तर डाग पडावा. आमच्या पेल्यांत लांबून, भांड्याला भांडं न लावता, त्यांनी ओतलं.

मी एक घोट घेतला. मांजर गेलं होतं. म्हणजे होतं, पण आता ते मांजर नव्हतं. पावसानंतर झुडपात शिरल्यावर येतो तसा हिरवा, गडद वास, आणि त्याच्या आत ते पीच. मी पेला नाकाशी धरून परत हुंगला.

वेंडेलनी घोट घेतला. माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सांग."

मी सांगितलं, जमेल तसं. ते ऐकत होते, डोळे मिटून, पेला दोन्ही हातांत धरून. दुसरा पेला मागितला. हा माणूस चर्चच्या जेवणात लिंबाचं सरबत सुद्धा पाणी घालून पितो. तिसऱ्या पेल्यानंतर म्हणाले की या दोन झाडांचं लग्न लावलं पाहिजे. फेतीन्याबाई म्हणाल्या, मी लावलंय, तू आता मुलं मोज.

हिवाळ्यात मी चिमटा आणि ब्रश घेऊन ते लग्न लावलं. बाराशे रोपं झाली. ती शेतात लागली, वाढली, आणि फळ चाखायला मिळालं ते पुढच्याच्या पुढच्या जूनमध्ये. तोवर वेंडेलनी वर काही कळवलं नाही, आणि मीही नाही. अहवालात 'चव: डॉ. हाउगस्टाड' असं जायचं. मला त्याची लाज वाटायची, पण पगार सुद्धा लागायचा.

बाराशे झाडांना फेतीन्याबाईंनी चार दिवस घेतले. मांजर, मांजर, पाणी, साबण, मांजर. काही ठिकाणी नुसतीच माझ्याकडे बघून मान हलवायच्या. चौथ्या दिवशी दुपारी आठशे त्र्याहत्तर नंबरशी त्या थांबल्या. एक खाल्लं. वाडगा खाली मातीत ठेवला. दोन बोटांनी क्रूस केला. मग वाकल्या आणि झाडावरची उरलेली अकराच्या अकरा फळं एकामागून एक खाऊन टाकली.

"प्रयोगशाळेला काय पाठवू, देठ?" मी विचारलं.

"देठ चांगले आहेत," त्या तोंड पुसत म्हणाल्या.

आठवडाभर थांबून नवी फळं पाठवावी लागली. जीवनसत्त्व बापाएवढं नाही, पण साध्याच्या दीडपट. त्या झाडाच्या जमिनीवर धावणाऱ्या वेलींपासून आम्ही रोपं केली, मग त्यांची रोपं, तीन वर्षं, चार वर्षं. शेवटी मंडळाला दाखवायचा दिवस ठरला.

त्या दिवशी साठेक शेतकरी आले, टोप्या घातलेले, डोनट खाऊन गोड झालेल्या तोंडांनी. वेंडेलकडून मी आठशे त्र्याहत्तरचं वर्णन पाठ करून घेतलं होतं, शाळेतल्या कवितेसारखं. आधी गुलाब, मग पिकलेलं पीच, शेवटी हिरवा पाला. फेतीन्याबाई मागे, स्वतःचा वाडगा घेऊन. बोलावलं नव्हतं, पण त्यांना आमचं कुंपण कधी आड आलेलं नाही.

घोळ ट्रेचा झाला, आणि तो मीच केला. घाईत तुलनेसाठीची जुनी, ट्रकवाली टणक जात आठशे त्र्याहत्तरच्या जागी, पहिल्या टेबलावर ठेवली. वेंडेलनी त्यातलं एक उचललं, चावलं, डोळे मिटले आणि सुरू झाले. गुलाब. पीच. शेवटी हिरवा पाला, पावसानंतरचा. हे 'पावसानंतरचा' त्यांनी स्वतः घातलं होतं. मी लांब उभी होते, तिथून टेबलाकडे निघाले.

मर्ल कोइनिगनं आयुष्यात पहिल्यांदा फळ तोंडात घातलं. चावलं. "मला तर ओला पुठ्ठा लागतोय," तो म्हणाला.

शेतकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि मागून फेतीन्याबाईंचा आवाज आला, इंग्रजीत, सगळ्यांना कळेल असा. "अरे गाढवा, तो दुसरा ट्रे आहे."

वेंडेलना सुटता आलं असतं. चुकीचं फळ उचललं, उन्हामुळे घोटाळा झाला, काहीही. मी टेबलाकडे धावत होते तीच थाप मनात जुळवत. पण त्यांनी अर्धं फळ टेबलावर ठेवलं, रुमालानं बोटं पुसली, आणि म्हणाले, "मला वास येत नाही. सहा वर्षं झाली. डोक्यावर पडलो होतो."

मागे कुणीतरी हसलं.

"मग हे निवडलं कुणी?" मर्लनं विचारलं.

वेंडेलनी आधी माझ्याकडे हात केला, मग बाईंकडे. साठ टोप्या वळल्या. फेतीन्याबाईंना ते आवडलं नाही. "माझ्याकडे काय बघता," त्या म्हणाल्या. "मी शास्त्रज्ञ नाही. मी चोर आहे."

पुढचं काही इतकं मजेदार नव्हतं. केंद्राच्या वरच्या लोकांनी पत्र पाठवलं, मग माणूस पाठवला. सहा वर्षांच्या वह्या नेल्या. मला एका खोलीत बसवून दोन तास विचारलं की 'जावई, तीन गुण' याचा अर्थ काय. मी अर्थ सांगितला. माझी नोकरी जाईल असं मला वाटत होतं, गेली नाही, बहुतेक माझ्याऐवजी ते काम करायला दुसरं कुणी मिळेना म्हणून. वेंडेलना ठरल्यापेक्षा एक वर्ष आधी निवृत्त व्हायला सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. खोटं बोललो, ते म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. मला त्याचा राग आला. मग घरी जाऊन विचार केल्यावर राग स्वतःचाच आला, कारण त्या थापेला हातभार लावणाऱ्यांत पहिली मी.

घरी त्यांनी मार्लिसबाईंना सहा वर्षांनी सांगितलं, मंडळाला सांगितल्याच्या संध्याकाळी. नाक गेल्याचं त्यांना फार वाटलं नाही. रोस्टचं वाटलं. त्या सहा वर्षांत त्यांनी त्यात काय काय बदलून पाहिलं होतं, आणि हा माणूस प्रत्येक वेळी 'फार छान.' त्या दोन आठवडे बहिणीकडे युजीनला जाऊन राहिल्या. परत आल्या, पण रोस्ट बंद झाला.

निवडीचं काय करायचं, ते वरच्यांनी जत्रेत ठरवलं. कोणाला काही न सांगता, नंबरही झाकून, चारशे लोकांना पाच जाती चाखवल्या. आठशे त्र्याहत्तर पहिलं आलं, आणि दुसऱ्याच्या खूप पुढे. त्यावर कुणाला काही बोलता येईना. मर्लनं ते अंगठ्यानं दाबलं, फरशीवर आपटलं, फुटलं. दोन दिवसांचं फळ आहे, तो म्हणाला, शिकागोला नाही पोचायचं. पण रस्त्याकडेच्या टपऱ्या आणि शनिवारच्या बाजारासाठी त्यानं स्वतः दहा एकर लावलं. पौष्टिकपणाची पाटी लावली की लोक पाटी न वाचता फळं घेतात, असं त्याचं म्हणणं. मंडळानं नाव ठेवलं 'सिल्व्हर ब्लश'. फेतीन्याबाई म्हणाल्या, न्हाव्याच्या दुकानाचं नाव वाटतं.

नव्या जातीचा रीतसर निबंध लिहायचं काम वेंडेलना निवृत्तीनंतर करू दिलं. ते आमच्या ऑफिसच्या कोपऱ्यात, ओव्हरकोट न काढता, दोन बोटांनी टाइप करत बसायचे. पहिलं नाव त्यांनी माझं टाकलं. मी ते खोडलं, त्यांनी परत टाकलं, असं चारदा झालं, मग मी सोडून दिलं. फेतीन्याबाईंनी मात्र नाव द्यायला साफ नकार दिला. देवाच्या पुस्तकात लिहिलंय तेवढं पुरे, सरकारच्या पुस्तकात नको. तेव्हा वेंडेलनी लिहिलं, 'चवीची निवड एका शेजारणीनं केली.'

महिनाभरानं शास्त्रीय नियतकालिकाच्या संपादकांचं पत्र आलं. निबंध स्वीकारला होता, पण एक शंका होती. शेजारणीची शैक्षणिक पात्रता आणि प्रशिक्षण कोणतं, ते कृपया कळवावं.

वेंडेलनी मला पत्र वाचून दाखवलं आणि विचारलं, काय लिहू. मी सांगितलं, बाईंनाच विचारा. ते कुंपणाकडे गेले. मी खिडकीतून बघत होते. बाई कांदे काढत होत्या, वर न बघता काहीतरी म्हणाल्या, बरंच लांब. वेंडेलनी मान डोलावली, वहीत लिहून घेतलं आणि परत आले.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"पोर्तुगीजमध्ये होतं," ते म्हणाले, आणि वही माझ्यासमोर धरली. त्यांनी ऐकलं तसं अक्षरांत उतरवलं होतं. मी वाचलं. निम्मं कळलं, आणि तेवढं पुरेसं होतं. असल्या शिव्या मी माझ्या बापाच्या तोंडून सुद्धा ऐकल्या नव्हत्या, आणि तो खेचरं हाकायचा.

"पाठवायचं का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, पाठवा, पण भाषांतर करू नका.

निबंध वसंतात छापून आला. 'चवीची निवड एका शेजारणीनं केली' हे वाक्य जसंच्या तसं होतं.